सोनेरी टाचा

मला बुटक्या माणसांचा राग नाही, स्वतःच्या उंचीचा आहे. आमच्या म्दांत्साने वस्तीत माझ्याएवढी उंच बाई दुसरी नाही, आणि नाचातला माझा जोडीदार लुबाबालो जेमतेम माझ्या कानापर्यंत येतो. शनिवारी आमच्या दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडनच्या टाउन हॉलमध्ये वॉल्ट्झची स्पर्धा होती. सरावाला येणारी ठेंगणी झुकिस्वा नवा जोडीदार शोधत होती, आणि तिचं गोड हसू नेमकं लुबाबालोसमोरच सांडायचं. माझी जागा हातची जाणार असं मला दिसत होतं.

त्यातच जुने बूट फाटले, म्हणून मी मातोलोंकडे गेले. या बाई आपल्या घरातूनच नाचाचे बूट विकतात आणि गिऱ्हाइकांवर डाफरतात. सकाळी गेलात तर दारातूनच परत पाठवतील. दिवसभर राबून पाय जरा सुजल्याशिवाय बूट घालून बघायचे नाहीत, हा त्यांचा कायदा. संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले ती नेहमीसारखी मान खाली घालून, कारण तिथे आडवी दोरी बांधून त्या फडकी वाळत घालतात. चुलीवर मका-घेवडा रटरटत होता.

"ते बसक्या टाचेचे द्या," मी म्हटलं.

"आणि हे सोनेरी? तुझ्याच मापाचे आहेत."

"टाच बघितलीत का? विजेचा खांब दिसेन मी."

"बूट एकटीनं निवडायचे नसतात, पोरी. लुबाबालो कुठाय?"

"कामावर."

"थापा मारू नकोस. तुला सोडायला आलाय, बाहेर आपली टॅक्सी पुसतोय." त्यांनी खिडकीतून त्याला हाक मारली.

जोडीनं नाचून दाखवल्याशिवाय मातोलो बूट विकतच नाहीत. टेबल-खुर्च्या भिंतीला सरकल्या. लुबाबालोनं गाडीतून स्वतःचे नाचाचे बूट आणले. रस्त्यावर घालायच्या बुटांनी त्या फरशीवर नाचायची कुणाची छाती नाही. मी बसक्या टाचेचे चढवले. दोन-चार गिरक्या घेतल्या आणि तो थांबला.

"गुडघे का वाकवतेस?"

"कुठे वाकवतेय?"

"वाकवतेस गं. मानही वाकवतेस. तू वाकलीस की मीही वाकतो. दोघं मिळून जमिनीवर पडलेली सुई शोधतोय असं दिसतं."

माझं डोकं फिरलं. "मग घे ना त्या झुकिस्वाला! तिला वाकावं लागणार नाही."

"तिला मी केव्हाच नकार दिलाय." तो हसला नाही. "तू ताठ उभी राहिलीस ना, की अख्खा हॉल वळून बघतो. मग लोक विचारतात, हिला नाचवणारा तो कोण? एरवी मला कोण विचारतं?"

मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच राग आला. तो खाली बसला. सोनेरी बुटांचे पट्टे त्यानं स्वतःच्या हातानं लावले. मी सरळ उभी राहिले आणि त्याच्या हातात हात दिला. पहिल्याच गिरकीला डोकं दोरीत अडकलं, ओलं फडकं तोंडावर आलं, आणि मी चटकन मान खाली घातली.

"ए!" मातोलो ओरडल्या. "खबरदार वाकलीस तर. दोरी मी काढते."