सिंधुबाईंच्या नावची शेगडी

फेस वाळला होता. पत्रा आणि भिंत यांच्या मधल्या फटीत फवारलेला हा पिवळट फेस काल म्हणे फुगत फुगत बाहेर आला आणि जागच्या जागी पावासारखा होऊन बसला — उज्वला अंगठ्याच्या नखानं तो दाबून पाहत होती, नख आत जात होतं, खळगा पडत होता, पण पलीकडचा उजेड काही दिसत नव्हता. गेल्या साली इथून उजेड यायचा. उजेडाबरोबर वारंही यायचं, सागाच्या वाळक्या पानांचा चुराही यायचा, आणि ही फट बुजवायला सासूबाईंनी स्वतःचं जुनं लुगडं फाडून चिंध्या कोंबल्या होत्या... निम्म्यातच लुगडं संपलं. उरलेली फट तशीच राहिली.

"वारं येतंय का गं कुठून?" बाहेरून सुदर्शनचा आवाज आला.

"नाही."

"नीट बघ. दाराखालून?"

तिनं नीट बघितलं. दाराला खालून रबराची पट्टी होती. खिडकी होती तिथे आता पत्रा ठोकलेला. वर छताला आतून थर्माकोल. उदगीरहून दत्तजयंतीला माहूरला पायी जाणाऱ्या मंडळींचा हा वाटेतला शेवटचा मुक्काम, रानातली एकुलती एक शेड; मार्गशीर्षात इथे अशी थंडी पडते की पहाटे बादलीत हात घातला तर बोटं आपली राहत नाहीत — आणि तिच्या नवऱ्यानं ऑफिसात रजा टाकून, चालणाऱ्या मंडळींच्या आधी जीपनं येऊन, ही शेड डब्यासारखी बंद करून टाकली होती. आईच्या नावानं. आईच्या वर्षश्राद्धाला.

"कुठूनच येत नाही," ती म्हणाली. आवाज घुमला नाही. पूर्वी इथे नुसतं खोकलं तरी पत्रा घुमायचा.

सुदर्शन शेगडी घेऊन आत आला. लातूरला सांगून बनवून घेतलेली, चांगली परातीएवढी, दोन्ही बाजूंना पितळी कड्या आणि पुढे कोरलेलं — कै. सिंधुबाई यांचे स्मरणार्थ. त्यानं ती मधोमध ठेवली, दोन पावलं मागे जाऊन पाहिली, पुन्हा वाकून सदऱ्याच्या बाहीनं नावावरची धूळ पुसली. त्याच्या मागोमाग कोळशाचं पोतं पाठीवर घेऊन अमृतराव आले. ही शेड त्यांच्याच शेतात होती; त्यांनीच कधीकाळी जागा दिली आणि जागा दिली म्हणून दरवर्षी दोन दिवस ते चालणाऱ्यांच्या सेवेला हजर असत.

"इथंच का हो?" अमृतरावांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं इथंच. पण त्यांना पुन्हा ऐकायचं होतं, आणि सुदर्शनला पुन्हा सांगायचं होतं.

"इथंच. त्या कोपऱ्यात आई, ह्या बाजूला दोघी बाया. आई काकडत होती. मी बाहेरून शेगडी आणली, तिच्या उशाला सरकवली. म्हटलं, आई, ऊब लागली का? तर म्हणाली, लई बरं वाटून राहिलं रे आता." इथे तो थांबतो. उज्वलाला ते थांबणंही पाठ झालं होतं. "बस्स. एवढंच. सकाळी बघतो तर चेहरा असा लालगुलाबी. लेकरावानी. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण तेज काय होतं!"

"भाग्यवान माउली," अमृतराव म्हणाले. "दत्ताच्या वाटंवर, झोपेत... असं मरण मागून भेटत न्हाई कोणाले."

मागून मिळत नाही, खरंच आहे. उज्वला बाहेर आली. पळसाच्या त्या झाडाखाली गेल्या साली ती ओकली होती. त्या मुक्कामात तिचं पोट बिघडलेलं, म्हणून ती रात्री दोनदा उठून बाहेर आली होती, दुसऱ्यांदा तर अंगात त्राण नव्हतं म्हणून दाराबाहेरच बसून राहिली. बिघडलेलं पोट! माणसाचा जीव कशानं वाचेल सांगता येत नाही. सकाळी तिचं डोकं कुणी पाट्यावर ठेवून वाटावं तसं दुखत होतं. त्या दोघी बायाही कपाळ धरून बसल्या होत्या, एक म्हणाली पित्त, दुसरी म्हणाली चालण्याचा शीण. पुरुष बाहेर शेकोटीपाशी निजलेले, ते ठणठणीत. तालुक्याहून डॉक्टर आला, वय विचारलं, आधीचा हृदयाचा त्रास विचारला, इतकं चालायला लावायचं नव्हतं म्हणाला आणि त्यानं हृदय लिहिलं. त्याचंही बरोबरच होतं. हृदय कमकुवत होतंच. मग सगळ्यांनी पाया पडून घेतलं, कुणीतरी फोटो काढला, आणि तो लालगुलाबी चेहरा आता उदगीरच्या घरात बाहेरच्या खोलीत लावलेला आहे, आलेला प्रत्येक माणूस चप्पल काढायच्या आधी त्याला हात जोडतो...

तिनंही जोडले होते. कितीतरी महिने. श्रावणापर्यंत.

श्रावणात सातवीच्या वर्गात ज्वलनाचा धडा होता आणि ती नोकरीला लागल्यापासून दरवर्षी बोलते ते वाक्य बोलत होती — बंद खोलीत कोळसा पेटवून झोपू नये — दरवर्षी ती हे वाक्य बोलते आणि फळा पुसते. त्या दिवशी तिला फळा पुसता आला नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत मोबाइलवर शोधून तिनं वाचलं की बंद जागेतल्या कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, माणसाला आधी छान सुस्ती येते, आणि मेल्यावरही कातडी कधीकधी गुलाबी दिसते. निरोगी दिसते. वाचून झाल्यावर तिनं डबा उघडला आणि भाकरी खाल्ली, सगळी, कारण शेजारी बाकीच्या बाया बसल्या होत्या.

पण नसेलही तसं. हृदय होतंच ना... दीड दिवसाचा घाट, थंडी, वय. कोण सांगणार आता? ती शाळेतली शिक्षिका, काही डॉक्टर नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ झाकून दिवाळी गेली, आणि मग सुदर्शन एक दिवस म्हणाला, आईच्या नावानं शेड गरम करू.

जीप वाजली. विशाखा उतरली — सुदर्शनच्या बहिणीची मुलगी, नांदेडला दिलेली — हातात शालीच्या गाठोड्यात चार महिन्यांचं लेकरू. उद्याचा शेवटचा टप्पा तिला बाळ घेऊन चालायचा होता, सासरचा नवस.

"मामी, किती गारठलंय इथं! ह्याचं नाक बघा."

उज्वलानं बाळाच्या नाकाला बोट लावलं. थंडगार, मटाराएवढं नाक. बाळानं तिच्याकडे पाहिलंही नाही, ते दिवसाच्या उजेडाकडे बघत होतं.

"मामी, मी कुठं निजू?"

"आत, आत," सुदर्शनच धावत आला. त्यानं बाळ घेतलं, छातीशी धरलं. "तुझी जागा आजीच्या कोपऱ्यात. बाज टाकली तुझ्यासाठी. बाजेखाली शेगडी सरकवायची, बाळंतिणीच्या खोलीसारखं. वाऱ्याची झुळूक येणार न्हाई."

बाळंतिणीची खोली... उज्वलाही त्या खोलीत निजली होती, सिंधुबाईंनीच निजवली होती. खिडकीला गोधडी, दाराला पडदा, बाजेखाली निखारे, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा, डोळ्यांतून पाणी काढणारी ती गोडसर धुरी. आणि सासूबाई जराशी फट दिसली की बोळा कोंबायच्या — बाळंतिणीला वारं लागलं की जन्माचं दुखणं. त्या घरात किती बाळंतपणं झाली, कुणी मेलं नाही. हेच तर सुदर्शन म्हणतो. आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. हो, आलंय. पण ते मातीच्या माळवदाचं घर होतं, आणि माळवदाला मधोमध धूर जायला डोक्याएवढं भोक होतं. पाऊस आला की त्याच्यावर पाटी पालथी घालायची, एरवी ते उघडं. सगळ्यांना बोळे कोंबलेले आठवतात. ते भोक कुणालाच आठवत नाही, कारण ते कुणी केलेलं नव्हतं, ते आधीपासून होतंच.

"अहो," ती म्हणाली, "खिडकीवरचा पत्रा काढून ठेवायचा का?"

"खिडकी?" तो हसला. "अगं, मग हे सगळं कशासाठी केलं?"

"लहान लेकरू आहे. कोंदट होईल."

"कोंदट होऊ दे, पर गारठू न्हाई," अमृतराव म्हणाले. "बाई, बाळंतिणीचा वारा लई वाईट."

"तो फेस... पेट घेईल एखाद्‌ वेळी."

"इचारलंय मी दुकानात. शेगडी लांब ठेवायची भिंतीपासून. तू काळजी नको करू." आणि त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. लोकांसमोर.

हा हात गेल्या वर्षापासूनचा. त्याआधीचा सुदर्शन तिनं एकोणीस वर्षं भोगला होता — मार नव्हता, पण जीभ अशी की जेवताना घास घशात अडकावा. भाजीत मीठ कमी तर तिचं माहेर, तिचा पगार, तिचा रंग, सगळं ताटात यायचं, आणि ताट भिंतीवर जायचं. आई गेली आणि तो निवला. चांगल्या मरणाचा आपण साक्षी आहोत, ते आपल्या हातून घडलं, ह्या एका गोष्टीनं तो आतून असा मऊ झाला की तिला सुरुवातीला भीती वाटायची. सकाळी चहा करायचा. पाय दुखतेत का विचारायचा. आईनं जाताना माझं सगळं वाईट सोबत नेलं, असं तो एकदा म्हणाला होता, आणि रडला होता, तिच्या मांडीवर.

त्याला सांगायचं — ती तू मारलीस? उशाला सरकवून?

ती चुलीपाशी जाऊन बसली आणि आडवाटा शोधू लागली. ह्या कामात ती तरबेज होती, सून म्हणून आली तेव्हापासून सरळ बोटानं तूप कधी निघालंच नव्हतं. कोळशावर पाणी सांडायचं, चुकून. शेगडीचं बूड तडकलंय म्हणायचं. शेडमध्ये साप पाहिला म्हणायचं. बाळाला कफ आहे, निखारे सोसायचे नाहीत म्हणायचं. विशाखाला बाजूला घेऊन काहीतरी... काहीतरी. साप चांगला. सापावर सगळ्यांचा विश्वास बसतो. आजची रात्र निभावेल. सगळ्याच निजतील बाहेर शेकोटीपाशी, कुडकुडतील, सकाळी उठतील. उठतील हे महत्त्वाचं. आणि कुणाच्या भिंतीवरचा फोटो उतरवायला नको. तिला इतकं हलकं वाटलं की ती चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारत बसली.

"अमृतराव," शेडच्या पुढे निखारे फुलवता फुलवता सुदर्शन सांगत होता, त्याच्या आवाजात ते नवं मऊपण होतं, "मी ठरवून राहिलोय. पुढच्या सालापासून सगळ्या मुक्कामांवर. उदगीरपासून माहूरपर्यंत जिथं जिथं शेड हाय तिथं हे असंच काम. फटी बंद, आत शेगडी. म्हाताऱ्या माणसांनी थंडीत काकडू नये. आईचं नाव राहील."

"पुण्याचं काम हाय."

साप किती ठिकाणी निघेल?

उज्वलाला थंडी वाजली. चुलीच्या इतक्या जवळ बसून वाजली. पुढच्या साली कुठल्या तरी शेडमध्ये, जिथे ती नसेल, कुणाची तरी आई म्हणेल, लई बरं वाटून राहिलं. आणि सकाळी तिच्याही चेहऱ्यावर तेज येईल. दरवर्षी तेज येत राहील... आणि मी? मी उदगीरला सकाळचा आयता चहा पीत असेन.

तेव्हा तिला ते दिसलं, आणि एकदा दिसल्यावर तिकडे पाठ करता येईना. श्रावणापासून मी स्वतःला सांगत आले की त्याला जपायचंय, बिचारा, कसं सोसेल. त्याला कुठे जपत होते मी? मला हा नवरा जपायचा होता — हा, पाठीवरून हात फिरवणारा — जो मला त्या बाईच्या मरणातून मिळाला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी लोक खातात ते ऐकलं होतं. ते असं असतं, रोज सकाळी कपबशीतून येतं, आणि गोड लागतं. सांगितलं तर तो मोडेल, हे खरं. किंवा पहिल्यासारखा होईल. पहिल्यासारखाच होईल, तिला खात्री होती. आणि ह्या वेळी ताट फेकायला त्याच्यापाशी कारण असेल. तू तेव्हाच का बोलली नाहीस? श्रावणापासून चार महिने? काय सांगणार? बरं वाटत होतं मला. लई बरं वाटून राहिलं होतं.

आतून विशाखाचा आवाज येत होता, बाळाला थोपटत काहीतरी गुणगुणणं. दिवस कलला होता, सागांच्या सावल्या शेडवर चढल्या होत्या आणि लांबून, ओढ्यापलीकडून, चालत येणाऱ्या मंडळींचे टाळ ऐकू यायला लागले होते. उज्वला उठली. गुडघे वाजले. ती शेडच्या दारात जाऊन उभी राहिली, नेमकी उंबऱ्यात, दोन्ही हात चौकटीला.

सुदर्शननं दोन्ही कड्यांना फडकी गुंडाळून शेगडी उचलली. निखारे छान पेटले होते, कुठे धूर नाही, काजळी नाही. तो जपून पावलं टाकत आला आणि तिच्यासमोर थांबला. "सरक गं. जड हाय."

ती सरकली नाही. भीती म्हणावी तर ती आता नव्हती; जिथे भीती होती तिथे एक मोठं, रिकामं दुःख येऊन बसलं होतं आणि त्याला घाई नव्हती. सुदर्शन अजून हसत होता, काय झालं म्हणून भुवया उंचावून, निखाऱ्यांचा उजेड त्याच्या हनुवटीवर पडलेला. एवढा चांगला चेहरा. बोलायला तोंड उघडण्याआधी ती तो बघून घेत होती, सावकाश, डोळे भरून; कारण हा माणूस तिला पुन्हा दिसणार नव्हता.