वाफेत शिजलेला मी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, खास खेळ खेळण्यासाठी बांधलेला. अंगावरच्या पोच्यांना हसू नका. त्यातला एकही माझ्या वयानं आलेला नाही.

फिनलंडमधल्या कायानी गावात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात साइलानं मला जोडलं. यार्मोबरोबर राहायला आली त्याच आठवड्यात. एकेक स्क्रू तिनं स्वतः पिळला. दिवे लागले तेव्हा यार्मोनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "बेटा, आता आपल्याला कोण हरवतो बघू." किती सुखावलो होतो मी!

पण हरायचे दिवस आलेच. पहिल्यांदा त्यानं नुसती मूठ आपटली. मग लाथ. मग एकदा खुर्चीच उचलून माझ्यावर घातली आणि माझी काच फुटून साइलाच्या मांडीत घुसली. तो रडला, माफी मागितली. तिनं आधी मांडीला पट्टी बांधली आणि मग मला नवा पत्रा बसवला. असं पाच वेळा झालं. पाचही वेळा मी गपगुमान सुरू झालो. त्याची मला आजही लाज वाटते.

सहाव्यांदा त्यानं बिअरचा डबाच माझ्यात उपडा केला.

"भंगारात घाल याला. नवीन बांध," तो म्हणाला.

"सांगाडा चांगला आहे रे. धुऊन वाळवते. ग्राफिक्स कार्ड बदललं की तीन वर्षं कुठं जात नाही."

तिनं माझा एकेक भाग धुतला आणि घरातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेनं अंग शेकायच्या लाकडी खोलीच्या, वरच्या फळीवर वाळत ठेवला. तिकडं सगळेच तसं करतात. आठवडाभर सौनात कपडे, खोकी, काय वाट्टेल ते ठेवायचं आणि शनिवारी सौना तापवण्याआधी आठवणीनं बाहेर काढायचं. त्या शनिवारी साइला दुकानात गेली. यार्मोनं आत न बघताच बाहेरून भट्टी लावली.

ती उष्णता काय सांगू! पंख्यांची पाती वाकली, तारा एकमेकींना चिकटल्या. तासाभरानं त्यानं दार उघडलं, मला पाहिलं, आणि संतापून पाण्याची बादली भट्टीवरच्या तापल्या दगडांवर ओतली. उकळती वाफ माझ्या हाडांत शिरली. तेवढ्यात साइला परतली.

"तूच ठेवलंस ना इथं? अक्कल गहाण टाकलीस?"

"तू बघायचंस तरी..."

त्यानं तिचे केस धरले आणि तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. दोनदा. ज्या हातानं मला ठोकलं तोच हात, तीच लय. मी ओळखली.

दर शनिवारी यार्मोची आई राइली सौनासाठी यायची. ती वेलचीचे पाव घेऊन दारात उभी राहिली तेव्हा साइला जमिनीवर बसून माझे भाग गोळा करत होती. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं.

"आई, हिच्या मूर्खपणानं संगणक जळाला," यार्मो म्हणाला.

राइली त्याच्याकडे बघेचना. साइला पुटपुटली, "मदरबोर्ड बहुतेक वाचेल."

"तो वाचेल गं. तुझं काय?"

साइला तारा गोळा करतच राहिली.

"याच्या बापानं माझा रेडिओ फोडला, तो मी चिकटवला," राइली म्हणाली. "पुढं माझी बरगडीही चिकटवून घेतली. बूट घाल."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच पडणार. आधी मला मार."

त्याचा हात वर गेला. वरच राहिला. साइलानं बूट घातले.

मंगळवारी दोघी सामान न्यायला आल्या. यार्मो दारात उभा राहून म्हणाला, "नवीन कार्ड मागवलंय. दोघं मिळून याला उभा करू." साइलानं मला उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. माझी मेमरी शाबूत होती, ते तिला कळलं. मी मनात म्हणालो, नको गं, माझं काही नेऊ नकोस. तिनं मला खाली ठेवलं.

"मी नवीन बांधणार," ती म्हणाली. "माझ्यापुरता."

आता मी कोपऱ्यात पडून आहे. मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, धूळ पुसा, हे सांगायला माझ्यासारखे पुष्कळ आहेत. माझं मागणं एवढंच. कुणी यंत्र आपटताना दिसला, तर यंत्राची काळजी करू नका. त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघा.