साहेबाचं पाणी

हेलनबाई इंग्लंडहून रत्नागिरीला येणार हे कळल्यापासून गनी धास्तावला होता. आता तुम्ही म्हणाल, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, अर्धा जन्म बोटीवर काढलेला, एका गोऱ्या बाईला काय घाबरतो? तर बाईला नव्हे हो, तिच्या प्रश्नाला.

बाई थार्नलीसाहेबाच्या भावाची पणती. साहेब तिकडे फुटबॉलही खेळायचा आणि क्रिकेटही, दोन्हीकडे नाव कमावलेला गडी. पुढे रस्ते बांधायच्या नोकरीवर इकडे आला आणि १८८४ साली, एकोणतिसाव्या वर्षी, पटकीनं गेला. बाई त्याचं चरित्र लिहीत होती. त्याचे गोल, त्याच्या धावा, मैदानात पडलेला दात, सगळं तिला सापडलं होतं. शेवटचा दिवस तेवढा सापडत नव्हता.

तो गनीला ठाऊक होता. गनीचा पणजा उमेर साहेबाचा नोकर. डॉक्टर बजावून गेला, पाण्याचा थेंब द्यायचा नाही, दिलंस तर मरेल. त्या काळी पटकीच्या रोग्याचं पाणीच बंद करायचे, वेड्यांचा बाजार सगळा! साहेब दिवसभर पाणी पाणी करत राहिला, नोकराच्या पाया पडला, आणि उमेर भरल्या घागरीजवळ हुकूम पाळत बसला. संध्याकाळी साहेब गेला. तेव्हापासून या घरातला कर्ता पुरुष दर शुक्रवारी साहेबाच्या कबरीवर कळशीभर पाणी ओततो. टूर्नामेंटला निघालेल्या पोरांना वाटतं, नवस आहे. ती त्या पाण्यात चेंडू भिजवून नेतात आणि पहिल्याच ओव्हरमध्ये आउट होऊन येतात. गनीनं त्यांना कधी खरं सांगितलं नाही.

"अब्बा, शांतपणे गेला म्हणून सांग ना," झरीन म्हणाली. ही त्याची लेक, शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून दुभाषी तीच. "एवढ्या लांबून आल्यात बिचाऱ्या. कशाला त्यांच्या जिवाला त्रास?"

गनी कळशी घासायला बसला. 'शांतपणे, झोपेत गेली' हे त्यानं एकदा सांगून झालं होतं, याच झरीनला. गेल्या वर्षी झरीनच्या अम्मीचं, नसीमाचं, पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. तोंडानं काही द्यायचं नाही, असं नर्स सांगून गेली. झरीन रक्ताची बाटली आणायला धावली होती आणि चव्वेचाळीस वर्षं संसार केलेली बायको सुकल्या ओठांनी गनीकडे पाणी मागत होती. दोन चमचे फक्त. गनीनं दिले नाहीत. ऑपरेशनची वेळ यायच्या आधीच ती गेली.

शुक्रवारी सकाळी तिघं कबरीपाशी उभी राहिली. बाई साठीची असेल. तिनं वही उघडली. शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का, तिनं विचारलं, त्याला त्रास झाला का? झरीननं प्रश्न मराठीत सांगितला आणि डोळ्यांनीच बापाला खुणावलं.

"सांग त्यांना," गनी म्हणाला, "माझा पणजा होता. साहेब पाणी मागत होता आणि आमच्या माणसानं दिलं नाही. मरेल म्हणून दिलं नाही. तरी मेलाच. मग जन्मभर पणज्याला एकच खंत, मरायचाच होता तर पाणी पिऊन तरी मेला असता."

झरीननं नाइलाजानं सांगितलं. बाई लिहायची थांबली. तिचे डोळे भरून आले. त्याची आई मरेपर्यंत हेच विचारत होती, ती म्हणाली, पण आम्हाला कुणी खरं सांगितलंच नाही. आणि तिनं गनीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

तिथं गनीचा बांध फुटला.

"झरीन, तुझी अम्मी झोपेत नाही गेली गो. तिनंही पाणी मागितलं. मीही नाही दिलं."

बाई विचारत होती, काय म्हणाले ते? झरीनला इंग्रजीतला एक शब्द आठवेना.

"आणखी काय म्हणाली अम्मी?"

गनीनं मान खाली घातली.

"म्हणाली, झरीनला बोलव. ती देईल."