पहाटेचं माप

थोरल्या भावाच्या हट्टाखातर भर दुपारी धाकट्याने कड्यावरच्या भेगेच्या दोन्ही काठांना ठोकलेल्या खिळ्यांवर अंतर मोजायचा कॅलिपर टेकवला आणि आकडा मोठ्याने वाचला. एकसष्ट मिलिमीटर. शेजारी घाम पुसत उभ्या असलेल्या थोरल्याने खिशातून घर रिकामं करण्याची नोटीस काढली. तिच्यात धाकट्याच्याच सहीने चौसष्ट लिहिलं होतं.

“परवा चौसष्ट, आज एकसष्ट. डोंगरसुद्धा तुझ्या तालावर नाचतो का रे?”

धाकट्याने समजावून पाहिलं. दुपारच्या उन्हात दगड फुगतो, भेग आवळल्यासारखी दिसते. माप घ्यायचं ते दगड गार असताना, सूर्य उगवायच्या आत. कड्यावर नजर ठेवण्याच्या सरकारी नोकरीत एकोणीस वर्षं तो असाच पहाटे चढत होता. भेगेत पाणी उतरायचं, थंडीत गोठून फुगायचं, कड्याला रेटायचं, वितळून आणखी खोल जायचं. एरवी वर्षाला जेमतेम केसभर फरक. या हिवाळ्यात मात्र एकदम चार मिलिमीटर, आणि सुटू पाहणाऱ्या कड्याच्या थेट खाली थोरल्याचं घर.

“उद्या पहाटे ये, दादा. स्वतःच्या हाताने मोज.”

“खिळे तू ठोकलेले, यंत्र तुझं, वेळ तू ठरवणार. माझं काय, तर घर. तेच तुझ्या डोळ्यांत खुपतंय.”

थोरला तडक उतरून गेला. ते घर वडिलांचं. अकरा वर्षांपूर्वी चिठ्ठी टाकून ते थोरल्याच्या वाट्याला गेलं, तेव्हा धाकट्याने चारचौघांत म्हटलं होतं, “तुला या घरात सुखाची झोप लागायची नाही.” रागाच्या भरात माणूस बोलून जातो, पण ऐकणारा विसरत नाही. आणि धाकट्याला तरी स्वतःची कुठे खात्री होती? चौसष्टचा आकडा दिसला तेव्हा क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला बरं वाटलं होतं. त्या क्षणाची त्याला अजून शरम वाटत होती.

संध्याकाळी वहिनी कचेरीत आल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी धाकट्याला मुलासारखं सांभाळलेलं, पण अकरा वर्षांत रस्त्यातसुद्धा बोलल्या नव्हत्या. ह्यांनी वरच्या कचेरीत तक्रार केलीय, भाऊ सूड उगवतोय म्हणून, एवढं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं.

“तुमचं खरं आहे हे ह्यांना कळतं, भाऊजी. रात्ररात्र छताकडे बघत पडलेले असतात. पण तुम्ही सांगितलंत म्हणून ते मरेपर्यंत निघायचे नाहीत.”

त्या गेल्यावर धाकट्याने एक कागद ओढला आणि साहेबांना चार ओळी लिहिल्या. तक्रार खरी आहे. घरावरून माझं भावाशी वैर आहे, माझ्या मापावर विसंबू नये. मला या कामावरून कमी करून उद्याच दुसरा माणूस पाठवावा. त्याने सूर्योदयापूर्वी मोजावं. शेवटच्या ओळीखाली त्याने दोनदा रेघ ओढली.

परका माणूस आला, स्वतःचा कॅलिपर घेऊन पहाटे वर चढला. पासष्ट.

दुपारपर्यंत थोरल्याचं सामान ट्रकमध्ये चढलं. धाकटा कपाटाला हात लावायला पुढे झाला, तर थोरल्याने त्याला न बघताच दुसऱ्या हमालाला हाक मारली. मग परक्याचा हात दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, “तुम्ही आलात म्हणून वाचलो. नाहीतर आमच्याकडचा माणूस कसा होता, ते त्याने स्वतःच लिहून दिलंय. साहेबांनी दाखवलं मला.”

परक्याने गोंधळून धाकट्याकडे पाहिलं. रात्री त्या परक्याने धाकट्याच्या जुन्या नोंदवह्या चाळल्या होत्या, एकही माप खोटं नव्हतं. तो काहीतरी बोलणार होता.

धाकट्याने मान हलवून त्याला गप्प केलं. ट्रक अजून घरासमोरच उभा होता.