दुसरं बटण हिरवं

मी टेबलाखालची पेटी बोलतेय. वर नका शोधू, खाली बघा, कचऱ्याच्या डब्याशेजारी. येणारा-जाणारा मला पाय लावतो आणि 'सॉरी' म्हणायचं झालंच तर डब्याला म्हणतो. शिकलेली माणसं मला सर्व्हर म्हणतात. या ऑफिसात मात्र मी पहिल्या दिवसापासून पेटीच. आता चार दिवसांची पाहुणी आहे मी, म्हणून म्हटलं, मनात साठलेलं एकदाचं बोलून टाकावं.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला आठवत नाही. आठवतो तो थर्माकोलचा करकर आवाज आणि मला उचलून आणणाऱ्याचं कुरकुरणं, "काय जड आहे हो!" तेव्हा राग आला होता. पुढे कळलं की माझ्या पोटात जे भरणार होते, त्यापुढे माझं वजन काहीच नव्हतं.

आमचं ऑफिस हरवलेल्या माणसांचं. कुणाचे वडील, कुणाची आई, कुणाचा भाऊ घरातून निघतो आणि परतीचा रस्ता विसरतो. घरचे आमच्या खिडकीशी येऊन त्याचं वर्णन लिहवून जातात. तिकडे एखाद्या आश्रमात असा अनोळखी माणूस पोचला, की तिथून आम्हाला फोन येतो. दोन्हीकडच्या नोंदी माझ्या पोटात, एकाच यादीत. एक नोंद दुसरीशी जुळली, की माणूस घरी जातो. एवढंच माझं काम. छोटं असेल, पण मला त्याचा फार तोरा होता.

सकाळी फोन आणि दुपारी खिडकी, अशी आमची वाटणी. सकाळच्या फोनवर तिसऱ्या टेबलाच्या ताई बसायच्या. त्यांना सगळे फोनताई म्हणत. एक वाजला की त्या डबा पिशवीत टाकून निघायच्या आणि खिडकीवाले काका यायचे. दोघांची गाठ पडायची ती जिन्यात, तीही "येते हो" आणि "या" एवढीच. बाकी त्यांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत. ताईंनी सकाळी लिहायचं, काकांनी दुपारी वाचायचं.

फोनताईंसारखं लिहिणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. इतर जण वर्णनात 'वय साठ, रंग सावळा' लिहून मोकळे होतात. ताई फोनवर खोदून खोदून विचारायच्या. "चप्पल कुठल्या पायाची झिजलीय? झोपेत काही बोलतात का? अहो, बघून सांगा ना, मी थांबते." समोरचा वैतागायचा. पण त्या झिजलेल्या चपलेवरून माणसं घरी गेलेली आहेत.

आता त्या महिन्याचं सांगते.

दर एक तारखेला माझ्यातल्या सगळ्या नोंदींची एक नक्कल ताईंच्या मशीनवर ठेवली जायची. मी म्हातारी, कधी डोळे मिटेन सांगता येत नाही, म्हणून ही खबरदारी. दोन तारखेला सकाळी सफाईवाल्या मावशींचा झाडू माझ्या वायरीत अडकला आणि वायर अर्धी निसटली. ताईंच्या स्क्रीनवर आलं, 'फाइल सापडत नाही. कुठे आहे ते दाखवा.' इकडे फोन वाजतोय. ताई म्हणाल्या, "अगं बाई, आता काय करू? पलीकडे कुणाचं तरी माणूस ताटकळलंय." आणि त्यांनी कालची नक्कल दाखवून दिली. लगेच सगळं उघडलं. तीच यादी, तेच रकाने. ताईंचा जीव भांड्यात पडला.

दुपारी मावशींनीच वायर दाबून बसवली. माझा हिरवा दिवा लागला. पण ताईंच्या मशीनने नवा पत्ता पक्का धरला होता. त्या दिवसापासून त्या रोज सकाळी मन लावून लिहीत राहिल्या, आणि त्यातलं एक अक्षर माझ्यापर्यंत पोचलं नाही.

मला कळलं नाही का? कळलं. तिसऱ्या टेबलाची हाक येईनाशी झाली, हे मला पहिल्याच सकाळी कळलं. पण आम्हाला कुणी विचारल्याशिवाय बोलता येत नाही. आणि खरं सांगायचं तर मला जरा बरंही वाटलं. म्हटलं, चला, सकाळची विश्रांती मिळतेय. काकाही चहा ढवळत म्हणाले, "आजकाल आश्रमांचे फोन कमी झालेत वाटतं. चांगलंच आहे, माणसं कमी हरवतायत."

चार तारखेला दुपारी दीडला खिडकीशी एक बाई आली. गळ्यात मोजायची टेप तशीच लोंबत होती. शिवणकाम करणारी, जेवणाच्या सुट्टीत धावत आलेली. तिचे वडील घड्याळजी. दुकान बंद करून सहा वर्षं झाली, तरी सकाळी उठून दुकान उघडायला निघायचे. त्या दिवशी निघाले ते आलेच नाहीत.

"काही खूण?" काकांनी विचारलं.

"शर्टाचं दुसरं बटण हिरवं आहे. बाकीची पांढरी. आदल्या रात्री तुटलं होतं, घरात पांढरं नव्हतं. म्हटलं, उद्या बदलू." मग म्हणाली, "दिवसभर लोकांचे कपडे शिवते हो मी."

काकांनी नोंद केली. मग शोधलं, 'हिरवं बटण'. मला विचारलं. मी म्हटलं, नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी चार तासांवरच्या एका आश्रमातून फोन आला. बसमध्ये झोपलेले एक आजोबा शेवटच्या थांब्यावर सापडले होते. स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. भिंतीवरचं बंद घड्याळ मात्र त्यांनी खाली काढून चालू करून दिलं होतं. ताईंनी नेहमीसारखं खोदून विचारलं आणि लिहिलं, 'शर्टाचं दुसरं बटण हिरवं.' त्यांनीही शोधलं, असं माणूस कुणी हरवल्याचं सांगितलंय का. पण मुलीची नोंद माझ्याकडे आणि ताई शोधत होत्या नकलेत. तिथेही उत्तर आलं, नाही. ताईंनी आश्रमाला नोंदीचा नंबर दिला, ६१५८, आणि म्हणाल्या, "सांभाळा त्यांना. कुणी ना कुणी येईलच."

खिडकी आणि तिसरं टेबल यांच्यात बारा पावलं आहेत.

ती मुलगी रोज यायची. दीड वाजता, टेपसकट. पहिले काही दिवस काका उठून उभे राहायचे. पुढे पुढे त्यांचीच नजर खाली जायला लागली. "शोधतो हं," म्हणायचे. मला विचारायचे आणि मी म्हणायचे, नाही. रोज. मी खोटं बोलत नव्हते हो. माझ्या पोटात खरंच नव्हतं. पण त्या खरेपणाला काय जाळायचंय?

वीस तारखेला दुपारी, ताई गेल्यानंतर, त्या आश्रमाचा फोन आला. "तुमचा नंबर ६१५८. त्या आजोबांना आठवडाभर न्यूमोनिया होता. आज सकाळी गेले. घरचं कुणी मिळालं का?"

काकांनी ६१५८ उघडलं. "काहीतरी घोळ होतोय तुमचा. ही तर काठीवाल्या आजी आहेत."

"घोळ कसला? तुमच्याच ऑफिसने दिलाय नंबर."

काकांनी शोधलं. आश्रमाचं नाव, फोनची तारीख. काहीच नाही. ऑफिसच्या मोठ्या बाई आल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्या हातून चुकून पुसलं गेलं का?" बावीस वर्षं खिडकीत बसलेल्या माणसाने पुन्हा एकदा ६१५८ उघडून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्तीवाला दादा आला. काकाही सकाळीच येऊन बसले होते. त्याने आधी बघितलं, यादीला कुठली चाळणी लागून नोंदी झाकल्या गेल्यात का. नव्हत्या. पुसल्याची खूण शोधली. नव्हती. नोंदी मोजल्या. एकही नंबर गाळलेला नव्हता. डोकं खाजवत तो म्हणाला, "पेटीतून गेलेलं काही नाही. पेटीत आलंच नसेल तर?" तो तिसऱ्या टेबलाशी गेला. "ताई, तुमच्याकडे ६१५८ दाखवा बरं."

ताईंनी दाखवलं. "हे काय, आहे की! उगाच घाबरवलंत मला." त्या हसल्यासुद्धा.

दादा हसला नाही. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यातला पत्ता त्याने दोनदा वाचला. "ताई, तुम्ही पेटीत लिहीत नाही आहात. एक तारखेच्या नकलेत लिहिताय. एकाच नंबरची दोन-दोन माणसं झालीत, त्यांच्याकडे वेगळी, तुमच्याकडे वेगळी." मग हळूच म्हणाला, "आज सापडलं ते बरं. एक तारखेला नवी नक्कल यावर बसली असती आणि हे सगळं गेलं असतं."

"मी तर काम थांबू नये म्हणून..." ताई म्हणाल्या. काकांनी त्यांच्या स्क्रीनवरची ओळ वाचली. हिरवं बटण. ते म्हणाले, "ती मुलगी रोज दीडला येते."

दादाने दुपारपर्यंत ताईंच्या सगळ्या नोंदी माझ्यात आणल्या, नवे नंबर देऊन. एकेक नोंद पोटात उतरत होती. माझ्याकडच्या लोकांशी भराभर जुळणारी तीन माणसं निघाली. तीन घरी फोन गेले. आनंद व्हायला हवा होता.

एक वाजला. ताई निघाल्या नाहीत. काका म्हणाले, "मी सांगतो तिला. तुम्ही जा."

"नाही. मी लिहिलंय, मीच सांगणार."

दीडला ती आली. खिडकीत दोघांना बघून थबकली. "शोधलंत का आज?"

ताईंनी सगळं सांगितलं. झाडू, वायर, नक्कल, काहीच झाकलं नाही. शेवटी म्हणाल्या, "काल सकाळी गेले. चूक माझी आहे."

ती ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल. म्हणाली, "माझ्यासमोर एकदा शोधा."

काकांनी टाइप केलं, 'हिरवं बटण'. आणि मी म्हटलं, आहे. दोन नोंदी. एक तिची आणि एक त्यांची, खालोखाल. त्यांच्या नोंदीत शेवटी ताईंनी लिहिलं होतं, 'सारखं विचारतात, मुलगी न्यायला येणार आहे ना?'

तिने ते वाचलं आणि टेप तोंडात कोंबून ती रडली. मीही रडले असते. माझा नुसता पंखा फिरत राहिला.

त्याच दुपारच्या बसने ती गेली. ताई तिच्यासोबत गेल्या.

आठ दिवसांनी ती परत आली. हातात पिशवी, त्यात तो शर्ट. काका म्हणाले, "आता ही नोंद बंद करावी लागेल."

"करा. पण त्याआधी एक ओळ घाला. बाबांनी जे विचारलंय ना, त्याच्यापुढे."

"काय लिहू?"

"रोज येत होती."

काकांनी चष्मा पुसला. ताईंना बोलावलं. ताईंनी लिहिलं.

तेव्हापासून फोनताई रोज सकाळी पहिला फोन घ्यायच्या आधी एक खोटी नोंद करतात, काकांच्या मशीनवर जाऊन ती दिसतेय का बघतात आणि मग पुसतात. कुणी हसत नाही.

परवा नवी पेटी येणार आहे. माझ्यापेक्षा हलकी आणि चपळ. येऊ दे. दुरुस्तीवाल्या दादा, माझं एकच ऐक. तिकडे सगळं नेशील तेव्हा नुसतं मोजू नकोस, मोजणी तेव्हाही बरोबरच होती. नव्या पेटीत घड्याळजी आजोबांना तू दिलेला नवा नंबर उघड, ६२३१. शेवटच्या रकान्यात ते तीन शब्द पोचलेत का, ते डोळ्यांनी बघ. पोचले असतील, तर माझी वायर खुशाल काढ.