पत्रिकेच्या जाडीएवढं अंतर

मी पिकअप बोलतोय. नाव ऐकून सिमेंटच्या गोण्या वाहणारा टेम्पो आठवला ना? तो नव्हे बाबांनो! मी इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसणारा, बोटभर लांबीचा. पोटात लोहचुंबक, अंगाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार. वर गिटारची तार थरथरली की मला कळतं, आणि मी ते स्पीकरला कळवतो. गिटारचा कानच म्हणा हवं तर.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला. तिथे मुकेश पंखे-मिक्सरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातला चंदर आपली मुकी झालेली गिटार घेऊन त्याच्याकडे आला, तेव्हा मुकेशने जुना पिकअप काढला आणि माझ्या अंगावर वेढे चढवून मला तिथे बसवलं. देताना म्हणाला, "साईं, इसको तार के पास रखना, चिपकाना मत." चंदरने मान डोलावली. मान डोलावणं वेगळं आणि ध्यानात ठेवणं वेगळं, हे मला पुढे कळलं.

चंदर दिवसा कंपनीत कामाला जायचा आणि लग्नसराईत बेंजो पार्टीबरोबर हळदींना वाजवायचा. आम्हा आगऱ्यांची हळद म्हणजे काय विचारता! ढोल, ताशा, बेंजो, कीबोर्ड, सगळे एकमेकांवर वरताण. त्यात बिचाऱ्या गिटारला कोण विचारतो? "चंदर, तुझा आवाज येत नाय!" असं कुणी ओरडलं की तो खिशातला स्क्रूड्रायव्हर काढायचा, माझ्या दोन्ही टोकांचे स्क्रू पिळायचा आणि मला जरा वर चढवायचा. प्रत्येक हळदीला जरा जरा. शेवटी मी तारांना नाकच लावलं म्हणा ना.

आता माझा स्वभाव सांगतो. पोटात लोहचुंबक असल्यावर मी तारेला ओढणारच. फार जवळ गेलो की तिला मोकळं हलता येत नाही. सूर डुगडुगतो, एकाचे दोन ऐकू येतात आणि लगेच विझतात. माझी माया फार, पण तिने तारेचा जीव घुसमटतो.

चंदरला मात्र वाटलं, आपला कान गेला. जन्म स्पीकरशेजारी काढलेला माणूस, ही भीती त्याच्या मनात होतीच. खुंट्या पिळून पिळून दमला, पण सूर काही लागेना. डॉक्टरकडे गेला नाही, बायकोला सांगितलं नाही. गुपचूप गिटार कव्हरात घालून कपाटावर टाकली. मला फार वाईट वाटलं हो.

आणि तेव्हाच मनालीचं लग्न ठरलं. चंदरची एकुलती लेक. लहानपणी ती त्याच्या मांडीवर बसून तारा छेडायची आणि तो म्हणायचा, "बाय, तुझ्या हळदीला तुझा बापच वाजवनार." आता तिने आठवण करून दिली, तर म्हणाला, "लेकीच्या हळदीत बापाने पावने बघायचे का वाजवत बसायचं? पार्टी सांगितलीय ना!" मनाली रुसून आत निघून गेली.

हळदीच्या आदल्या दुपारी साफसफाई करताना तिने गिटार खाली काढली. पुसली, आवाज वाढवणाऱ्या अँपला जोडली आणि जाडी तार छेडली.

"ई! पप्पा, हा सूर असा का डुगडुगतोय?"

चंदर आतून धावत आला. "तुला... तुला पन ऐकू येतं?"

"मला काय, आईला विचार!"

स्वयंपाकघरातून सखू ओरडली, "अगो बाय, बंद कर ते! बकरं आजारी पडल्यावानी वाटतंय!"

चंदर तिच्याशेजारी येऊन बसला. हसतोय की रडतोय, कळेना. "म्हंजे माझा कान शाबूत हाय," एवढंच म्हणाला. मग मनात दाबलेलं सगळं बाहेर पडलं.

"आणि हे तू एकटा घेऊन बसलास?" मनालीला रागच आला. डोळे पुसत तिने गिटारच्या दांडीवरच्या शेवटच्या पट्टीवर तार दाबली. तार थेट मला टेकली. "ह्याला एवढं वर कोणी चढवलं?"

"मीच गो. आवाज पोचत नव्हता."

"मग अँप वाढवायचा ना पप्पा!"

तेव्हा कुठे चंदरला मुकेशचं बोलणं आठवलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

अंतर मोजायला घरात होतं काय? उरलेल्या लग्नपत्रिका. मनालीने आपली एक पत्रिका घडी घालून तारेखाली धरली. चंदर स्क्रू उलटे फिरवत गेला, पत्रिका अलगद आत सरकली तेव्हा थांबला आणि तार छेडली. एकच सूर, स्वच्छ, घरभर रेंगाळला. किती दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला!

हळदीत पार्टीने धुमाकूळ घातला तो घातलाच. पण जनाबाई धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गायला बसली की आमच्याकडे ढोल-बेंजो गप्प होतात. तेव्हा चंदर गिटार घेऊन तिच्याशेजारी बसला आणि हळूच तिच्या गाण्याखाली वाजवत राहिला. जनाबाईने एकदा वर पाहिलं, मान हलवली आणि गातच राहिली. मनाली बापाकडे बघून रडत होती. "रडू नको गो, हळद ओघळेल," असं सांगताना सखूचेच गाल भिजले होते.

आता मनाली अंबरनाथ पूर्वेला राहते. एकाच स्टेशनाचं अंतर, तरी घर सुनं वाटतं. परवा चंदरने गिटार मांडीवर घेतली, थोडं वाजवलं आणि त्याचा हात आपसूक स्क्रूड्रायव्हरकडे गेला. पुन्हा मला वर चढवतो की काय! पण त्याने कव्हरातून तीच पत्रिका काढली आणि तारेखाली सरकवून पाहिली. अंतर बरोबर होतं. मग पत्रिका उलगडून लेकीच्या नावावरून अंगठा फिरवत बसला.

राहू दे रे चंदर, एवढं अंतर राहू दे. इथूनच मला तुझं सगळं ऐकू येतं.