खाणीच्या तळ्यातले वाकडे मासे

भैरूचं पत्र चैत्रात आलं, आणि ज्येष्ठ सरत आला तरी आबाजींनी उत्तर टाकलं नव्हतं. चिंचवडला गुरांच्या खाद्याच्या कारखान्यात गोदाम सांभाळणारा हा माणूस सवड मिळाली की पोत्यावर बसून पशुआहाराची पुस्तकं वाचायचा. त्यामुळे गावाकडे सगळ्यांना वाटे, आबाला ठाऊक नाही असं काही नाही. आबाजींना मात्र त्या विश्वासानंच घाम फुटे.

भैरू त्यांचा बालमित्र. कुरुळीला दगडाच्या जुन्या खाणीत साठलेलं पाणी पंचायतीकडून घेऊन त्यानं रोहू सोडले होते. त्यानं लिहिलं होतं, "आबा, माशांच्या पाठी इळ्यावानी वाकल्यात. कोन हात लावीना. मी शेंगदाण्याची पेंड आन भाताचा कोंडा घालतो. तुमच्या गुरांची क्षारभुकटी मिसळू का? लोक म्हणत्यात खाद्यात खोट न्हाई, खाणीलाच बाधा हाय. देहूचं मासं निस्त्या फुटाण्यावर जगत्यात, तरी सुतावानी सरळ. आखाडात पिल्लांचं नवं बीज येनार. त्येबी वाकडं निघालं तर पंचायत तळं काढून घेती."

पेंड-कोंड्यातला फॉस्फरस माशाला नीट पचत नाही आणि त्याच्याविना हाडं कच्ची राहतात, हे आबाजींनी वाचलं होतं. पण देहूचे मासे आडवे येत. ते कसे सरळ? पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं, म्हणून पत्राचे तीन खर्डे चुलीत गेले.

एकादशीला त्यांची बायको केसरबाई त्यांना देहूला घेऊन गेली. घाटावर बसून तिनं फुटाणे टाकले. माशांची झुंबड उडाली, फुटाणे संपले आणि मासे पांगले. आबाजी बघतच राहिले. कुणी पायरीवरचं शेवाळ खरवडत होता, कुणी गाळात तोंड खुपसून किडे-गोगलगाई शोधत होता.

"अगं, हे अजून खातायत."

"मग? फुटाणे म्हणजे प्रसाद. प्रसादावर कुणाचं पोट भरतं का?" केसरबाई म्हणाली. "तुम्ही तरी देवळातून आल्यावर जेवायचे राहता का?"

आबाजी हसले. खाणीत ना गाळ, ना शेवाळ. नुसता काळा कातळ. भैरूचे मासे बिचारे प्रसादावरच जगत होते.

घरी येताच ते लिहायला बसले. पन्नास किलो खाद्याला एक किलो भुकटी. मिठाची नको, हाडांच्या चुऱ्याची; फॉस्फरस तिच्यातच असतो. पाण्यावर भुरभुरू नकोस, तळाशी जाईल. कोंडा शिजवून त्यात मळ, गोळे कर आणि टोपलीतून सोड. वाकलेल्या पाठी सरळ होणार नाहीत, पण नवं बीज वाचेल.

केसरबाईनं वाचायला घेतलं. "सात ठिकाणी 'कदाचित' लिहिलंय. तो मासे पाळतोय की शंका?"

"चुकलो तर?"

"तर तो तुम्हाला शिव्या देईल. लहानपणापासून देतोच आहे."

आबाजींनी सहा खोडले. सातवा शेवटच्या ओळीत होता: 'बीज सोडताना कदाचित मी येईन.'

"हाही खोडा. आपण दोघं जातोय," ती म्हणाली.

तोही खोडला. मग विचार बदलायच्या आत चप्पल घालून आबाजी निघाले, नाक्यावरच्या लाल पेटीत पत्र टाकलं आणि ते आत पडल्याचा आवाज ऐकूनच माघारी वळले.